सुईताईचं सॅलड

थंडी पडली की सुईताई पाण्याशी अबोला धरायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि एकतीसही हिवाळे घरातली भांडी तिच्या नवऱ्याने घासली होती. तो रंगारी होता, घरांच्या भिंती रंगवायचा, त्याला पाण्याचं काही वाटत नसे. सुईताईचं तसं नव्हतं. ती रफूचं काम करायची, एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीशी टेबल लावून. गार पाण्यात सारखे हात गेले की बोटांची टोकं उलतात, आणि उललेलं बोट रेशमाच्या धाग्याला लागलं की धागा अडकून विस्कटतो. म्हणून आंघोळ सोडली तर तिची बोटं चार महिने कोरडी. हात खराब झाले की फडक्याला पुसायचे, मेणाचं मलम चोळायचं, झालं. आणि कुणी म्हणेल हात अस्वच्छ, तर बिशाद नव्हती कुणाची. पांढऱ्या शुभ्र कपड्यावर तिचं बोट फिरायचं आणि डाग म्हणून पडायचा नाही.

सुईताई हे तिचं नाव नव्हे. लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्यांनी ते पाडलं आणि मग मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांनी उचललं. काम होतंच तसं. कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असो की स्वेटर कसरीने खाल्लेला असो, सुईताई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि उभे आडवे असे विणत न्यायची की, कपडा न्यायला आलेला माणूस म्हणायचा, "बाई, दुसऱ्याचा कोट दिलात काय?" मग भोक कुठे होतं ते तीच बोट ठेवून दाखवायची. त्या क्षणासाठी ती जगायची म्हटलं तरी चालेल.

तर अशा बाईने गेल्या थंडीत एका काळ्या कोटाला गडद निळ्या धाग्याने रफू केलं. दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसले तिला. मालकाने कोट उजेडात धरला, परत घडी घातली. मालक वयाने तिच्याहून लहान, तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. पण संध्याकाळी म्हणाला, "ताई, थोडे दिवस आराम करता का?" हा आराम शब्द तिला सुईसारखा टोचला. आरामाला पाठवलेली माणसं पुन्हा टेबलाशी बसलेली तिने पाहिली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशीही ती टेबलाशी जाऊन बसली.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डाव्यात सुरुवात होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन पंधरा मिनिटांचं, पण आधी साखर उतरवा. एकदा तारीख दिली आणि साखर बघून पुढे ढकलली. आता दुसरी तारीख मिळाली होती, महिनाअखेरचा गुरुवार. तोही गेला तर पुढचा नंबर हिवाळा संपल्यावर, असं दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं होतं. आणि हिवाळा हाच तर कोटांचा मोसम.

दवाखान्यात साखरेच्या पेशंटसाठी एक वेगळी नर्सबाई बसायची. जाडजूड, हसरी, बोलायला लागली की थांबायची नाही. तिने सुईताईला बोट टोचून साखर बघायचं यंत्र दिलं, पट्ट्यांची डबी दिली, एक वही दिली. "चौदा दिवस रोज सकाळी उपाशीपोटी बघायचं. हात स्वच्छ हवेत. आकडा इथे लिहायचा. दीडशेच्या आत राहिलात तर गुरुवार पक्का. आणि दुपारचं जेवण बदला. डब्यात काय नेता?"

"पाव, बटाटा, कधी जाम."

नर्सबाईने कपाळाला हात लावला. मग एका कागदावर थाळी काढली, तिचे भाग पाडले आणि हिवाळ्याचं एक सॅलड समजावून सांगितलं. अर्धी थाळी कोबी, पालक, मुळा, गाजर, थोडं बीट. फळ एक मूठभर, जास्त नाही, आणि चावून खायचं, रस काढून नाही. सफरचंद सालासकट. संत्र्याच्या फोडी, डाळिंबाचे दाणे चमचाभर. वर भाजलेले अक्रोड, एक उकडलेलं अंडं, लिंबू, मोहरीची पूड, तेल चमचाभर, मिरी. "फळाला घाबरायचं नाही ताई, पण फळाला सोकावायचंही नाही." कागदाच्या मागे यंत्र कसं वापरायचं ते बारीक अक्षरात छापलं होतं. सुईताईने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि अक्षरांच्या जागी मुंग्या दिसल्यावर घडी घालून पर्समध्ये ठेवला. बाईने तोंडी सांगितलंच होतं की.

पहिल्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तिने बोट टोचलं तर रक्तच येईना. थंडीने बोट लाकूड झालेलं, त्यात वर्षानुवर्षं सुई लागून घट्टे पडलेले. दोन पट्ट्या वाया गेल्या.

"तुझ्या बोटाला ड्रिल लागेल," रंगारी म्हणाला. "माझ्याकडे आहे, भिंतीचं."

"तुमच्या डोक्याला आधी भोकं पाडून बघा त्याने, काही निघतंय का."

मग तिनेच युक्ती काढली. आधी सॅलड करायचं. सोलून, चिरून, हात चालवून बोटं गरम झाली की मग टोचायचं. आणि खायचं त्यानंतर. म्हणजे उपाशीपोटीचा नियमही मोडत नव्हता.

तेव्हापासून सकाळी स्वयंपाकघरात दोघांची जुगलबंदी चालायची. भाज्या धुवायचं काम अर्थात त्याचं. बीट किसायचंही त्याचंच, कारण बीटाचा रंग बोटाला बसला तर सुईताईला दिवसभर पांढऱ्या कपड्याला शिवता आलं नसतं. "रंगाचं काम रंगाऱ्याला," असं तिने वाटणी करतानाच सांगून टाकलं होतं. ती कोबी चिरायची, इतका बारीक की केसांसारख्या बटा पडायच्या. डोळ्याने तिला धार नीट दिसत नव्हती पण सुरी कुठे आहे ते हाताला कळायचं. गाजराच्या चकत्या, मुळ्याच्या चकत्या, पालकाची पानं हाताने तोडलेली. सफरचंदाच्या फोडी करून लिंबात घोळवलेल्या, म्हणजे दुपारपर्यंत काळ्या पडत नाहीत. सगळ्यात शेवटी संत्रं. फोडीवरची पांढरी साल ती अशी सोलायची की आतला गर उघडा पडला तरी एकही कण सुटायचा नाही. मग दोन डबे भरायचे, एक तिचा, एक त्याचा. तेल-मोहरी-लिंबाचं मिश्रण एका छोट्या बाटलीत वेगळं, नाहीतर पानं माना टाकतात. मग ओट्यावरच्या फडक्याला हात पुसायचे आणि यंत्र पुढे ओढायचं.

पहिला आकडा आला दोनशे बारा.

"नवीन आहे, चुकत असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोनशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी एकशे नव्वद. तेवढ्यावरही तिला बरं वाटलं, तर चौथ्या दिवशी दोनशे एकाहत्तर. ती वहीत आकडे लिहायची, ठळक, मोठे, आणि प्रत्येक आकडा लिहिताना तिला काळा कोट आणि निळा धागा दिसायचा.

साखर तर कुठेच नव्हती. चहा बिनसाखरेचा. जामाची बाटली तिने शेजारच्या बाईला देऊन टाकली होती. रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. मग राहिलं काय? राहिलं फळ. ती नर्सबाईवर मनातल्या मनात चिडली. मूठभर फळ म्हणे! पाचव्या दिवशी तिने आपल्या डब्यातून संत्रं हद्दपार केलं. नवऱ्याला सोलून द्यायची, स्वतः फोड तोंडात टाकायची नाही. आकडा दोनशे तेहतीस. सहाव्या दिवशी सफरचंद गेलं. दोनशे सव्वीस. मग डाळिंब. मग गाजरसुद्धा गोड असतं असं कुणीतरी लाँड्रीत म्हणालं, तर गाजर. दहाव्या दिवशी तिच्या डब्यात पालापाचोळा उरला आणि त्याच्या डब्यात सगळा बाजार.

"हे बरंय," तो डबा उघडून म्हणाला. "तू उपाशी, मी राजा. आणि आकडा?"

"दोनशे एकोणचाळीस."

"फळ खात नाहीस, नुसतं हाताळतेस, तरी चढते? नजर लागते काय गं तुला संत्र्याची?"

"चेष्टा सुचते तुम्हाला. माझा गुरुवार चाललाय."

त्याने डब्याचं झाकण लावलं. एकतीस वर्षांत बायकोला त्याने कामाच्या चिंतेने रडताना पाहिलं नव्हतं, आणि तिचा आवाज त्या दिशेला वळल्यासारखा वाटला.

मंगळवार उजाडला. बुधवारी वही घेऊन दवाखान्यात जायचं, गुरुवारी ऑपरेशन. म्हणजे जायचं होतं. सुईताई स्वयंपाकघरात आली, सुरी घेतली, कोबी समोर ठेवला, आणि सुरी तशीच खाली ठेवून स्टुलावर बसली. खांद्यावरची शाल तिने अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"मला नाही करायचं आता ते," ती म्हणाली. "काय उपयोग? नर्सबाई वही बघेल आणि म्हणेल, पुढच्या मोसमात या. मालकाला मीच सांगते, माणूस बघा म्हणून."

रंगारी त्या दिवशी घरीच होता. एवढ्या गारठ्यात रंग वाळत नाही, म्हणून त्याला सुट्टी. त्याने बाह्या वर केल्या. "सरक. आज मी करतो. तू नुसती बस आणि नावं ठेव."

आणि तिने ठेवली. त्याने कोबीचे तुकडे केले विटांएवढे. "हे काय, कुंपण घालताय?" संत्रं सोलताना रस कोपरापर्यंत ओघळला. "सोलताय की पिळताय?" बीट किसलं, डाळिंब फोडलं, दाणे छताकडे उडाले. तिला नकळत हसू आलं. हसता हसता शालीतल्या हातांना ऊब आली, तेव्हा ती म्हणाली, "आणा ते यंत्र. वहीचं पान तरी भरू."

डबीत चार पट्ट्या उरल्या होत्या. तिने एक लावली, बोट टोचलं, थेंब दिला. यंत्राने पाच सेकंद विचार केला.

"किती दिसतंय हो? मला एकशे सोळा वाटतंय."

"एकशे सोळाच आहे."

"बिघडलं," सुईताई म्हणाली. "काल दोनशे एकोणसाठ आणि आज एकशे सोळा? एका रात्रीत? वाटलंच मला. यंत्रच खोटं."

"थांब, बघूया खोटं की खरं. मला तर साखर नाही ना? बघ." आणि त्याने ओल्या, लाल हातांपैकी उजवा हात ओट्यावरच्या फडक्याला पुसला, ऐटीत बोट पुढे केलं. "टोच. अगं टोच, घाबरतेस काय, तुझाच धंदा आहे."

तिने टोचलं. बीट कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना. यंत्राने पुन्हा पाच सेकंद घेतले आणि आकडा दाखवला तीनशे अठरा.

रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. उंच शिडीवर उभं राहून बादली झेलणारा गडी, सावकाश खुर्चीत बसला. "अगं," तो म्हणाला, "मला पण झाली की. तुझ्याहून जास्त. मी काल चहात तीन चमचे घातले होते. तुला सांगितलं नाही."

"तीन?"

"कधी कधी चार."

एरवी ती त्या चार चमच्यांवर आठवडाभर बोलली असती. पण तिने त्याचं बोट अजून सोडलं नव्हतं, आणि बोट सोडवत नव्हतं. स्वतःच्या घट्टे पडलेल्या टोकांनी तिला स्वतःचं बोट कसं आहे ते कधीच कळायचं नाही. परक्या वस्तूचं मात्र सगळं कळायचं, लोकरीत सूत किती, सुतात रेशीम किती. हे बोट चिकट होतं. तिच्या शालीचा एक पांढरा तंतू त्याला येऊन चिकटला होता आणि फुंकर मारली तरी हलत नव्हता.

"तुम्ही खाल्लंय काही सकाळपासून?"

"नाही. चहासुद्धा नाही. एक दाणा तेवढा तोंडात उडाला."

"एका दाण्याने तीनशे?" तिने ओट्यावरचं फडकं उचललं. रोज दोघं हात पुसायचे ते. एक कोपरा आत्ता ओला होता, बाकीचं वाळून ताठ झालं होतं, लाँड्रीत कांजी केलेली कॉलर असते तसं. ती नखाने त्यावर टकटक करून ऐकत राहिली. कांजी तिला नवीन नव्हती. पण स्वयंपाकघरातल्या फडक्याला कांजी कुणी केली?

"अहो," ती हळूच म्हणाली, "आज फळाला मी हात लावला नाही."

"मग?"

"मग आज एकशे सोळा. रोज मी सोलते, पुसते या फडक्याला, आणि टोचते. खायच्या आधी टोचते! न खाल्लेलं संत्रं अंगात कसं जाईल? बोटावर बसलंय ते. हे यंत्र रक्ताबरोबर संत्र्याची पण साखर मोजतंय." ती उभीच राहिली. "उठा. पाणी तापवा."

"कशाला?"

"मरायला घाबरताय ना? मग उठा."

त्याने पाणी तापवलं. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतला, नवीन टॉवेलने कोरडा केला. तिसरी पट्टी. दुसरं बोट. दोघंही यंत्रावर वाकली, डोकं डोक्यावर आपटलं.

सत्त्याण्णव.

"वाचलो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा श्वास सुटला.

एक पट्टी राहिली. ती उद्यासाठी ठेवावी असं त्याचं म्हणणं, पण सुईताईला आता दम निघेना. तिने एक आख्खं संत्रं घेतलं, रोजच्यासारखं फोड न् फोड सोललं, आणि मग जे तिने या हिवाळ्यात आंघोळीबाहेर केलं नव्हतं ते केलं. दोन्ही हात गरम पाण्यात बुडवले. साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने. पुसले. टोचलं.

एकशे एकवीस.

सुईताईचा जीव भांड्यात पडला, आणि इतका जोरात पडला की ती तिथेच हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "दोन आठवडे!" ती म्हणाली. "दोन आठवडे मी पाला खातेय. तुमचं सफरचंद बघून माझी लाळ गळत होती, माहितीये?" आणि समोरच्या, त्याने केलेल्या त्या विटांच्या सॅलडमधली सफरचंदाची फोड उचलून तिने तोंडात टाकली, मग संत्र्याची, मग अक्रोड. मोजून मूठभर. कोबी जाड होता, मिरी जास्त पडली होती. इतकं चांगलं सॅलड तिने खाल्लं नव्हतं.

बुधवारी नर्सबाईने वही उघडली आणि तिचं हसू मावळलं. एकेक पान उलटत ती शेवटच्या पानावर आली. तिथे एकशे सोळा, आणि त्याखाली तिरक्या अक्षरात रंगाऱ्याने लिहिलेलं, "बाकीचं सगळं संत्रं आहे."

सुईताईने मग सगळं सांगितलं. नर्सबाई ऐकत गेली, आधी गंभीर, मग ओठ दाबून, मग अनावर झालेल्या हसण्याने तिची खुर्ची कुरकुरायला लागली. "ताई, हात धुवा म्हणून कागदावर पहिलंच वाक्य आहे हो."

"तो कागद वाचता आला असता तर मी इथे आले असते का?"

यावर नर्सबाईचं हसू थांबलं. ती म्हणाली, "चूक माझी. मी स्वच्छ म्हणाले. धुवा म्हणायला हवं होतं. असे हात घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पण रेशीम अडकतं म्हणून न धुणाऱ्या मात्र पहिल्याच." तरी वहीवर ती विसंबली नाही. दंडातून रक्त घेतलं, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लावली आणि दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

दीड तास गेला. रंगाऱ्याने समोरच्या भिंतीचा रंग कुठे कुठे सोडलाय ते तीनदा मोजलं. सुईताई हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसली होती. तिला माहीत होतं की आपण बरोबर आहोत, पण वहीतले तेरा आकडे एकीकडे आणि एक फडकं दुसरीकडे, आणि दवाखान्यात कुणाचं ऐकतील ते सांगता येत नव्हतं. दार उघडलं. नर्सबाईने कागद हवेत हलवला आणि तिथूनच ओरडली, "उतरली हो! मागच्यापेक्षा छान उतरलीय. उद्या सकाळी आठला या, डोळा घेऊन!"

बाकावरची चार अनोळखी माणसंही हसली.

ऑपरेशन खरंच पंधरा मिनिटांत उरकलं. चौथ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा दिव्याखाली कोबी होता, आणि कोबी पांढरा होता. वर्षभर तिला वाटत होतं की आजकाल कोबी पिवळटच येतो. गरम पाण्याचं पातेलं आणि साबण सिंकजवळ तयार होते. आता ते रोजचं झालं होतं, हात धुणं आणि लगेच दुप्पट मलम. बोटं थोडी उलली होती. मालकाला तिने सांगून ठेवलं होतं की हा हिवाळा रेशीम कमी, लोकर जास्त, आणि मालक म्हणाला होता, "ताई, तुम्ही या फक्त."

तिने सॅलड केलं, दोन ताटल्यांत वाढलं आणि पहिल्यांदाच नवऱ्याला खाताना नीट पाहिलं. तो काट्याने आधी सगळं सॅलड बाजूला सारत होता, पानं उचलून खाली बघत होता.

"काय शोधताय?"

"काही नाही. सवय."

"कसली सवय?"

त्याने काटा खाली ठेवला. "अगं, जेवणात काहीबाही निघतं. बिया असतात. कधी लसणाची साल, कधी भाजीच्या जुडीचं रबर. एकदा मोरपंखी धागा निघाला."

"कधीपासून?"

"असेल वर्षभर."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलून काय करायचं? काढून टाकायचो." त्याने एक फोड तोंडात टाकली. "धागा मात्र गिळला. तू बघत होतीस."

सुईताईने त्याची ताटली आपल्याकडे ओढली. नव्या डोळ्याने तिने पान न् पान उलटून पाहिलं, डाळिंबाचे दाणे बाजूला केले, संत्र्याच्या फोडी उजेडात धरल्या. एकही बी नव्हती. तिने ताटली परत सरकवली.

"खा आता," ती म्हणाली, "आणि चहात किती चमचे घालता ते आपण उद्यापासून बघू."